नागदवण्याच्या कुंडीतली कात

नर्सरीत फिरताना पाय कुठे पडतो हे पाहावं असं सगळेच सांगतात. हात कुठे पडतो हे कोणी सांगत नाही. त्या दिवशी माझा हात चुकीच्या जागी पडला.

नागपंचमी आठवड्यावर आली होती. सौंसरचे एक मास्तर बायकोला घेऊन आले होते. घरामागं नाला, नाल्याकाठी गवत, त्यामुळे बाई घाबरलेल्या. मी नेहमीच्या झोकात सुरू झालो. "मास्तर, हा नागदवणा. हे झाड जिथं आहे तिथून दहा फुटांच्या आत जनावर फिरकत नाही. गारंटी!" गारंटी म्हणताना कुंडीच्या कडेवर थाप मारायची मला सवय होती. थाप मारली आणि हाताला पातळ कागदासारखं काहीतरी सरसरलं. खाली पाहिलं तर कुंडीला दीड वेढा घालून हातभर नव्हे, चांगली दोन हात लांब कात. ताजी. डोळ्यांच्या जागच्या दोन चकत्यासुद्धा शाबूत.

मी जी उडी मारली ती माझ्या वजनाच्या माणसाला परवडणारी नव्हती. शेणखताच्या पोत्यावर जाऊन बसलो. मास्तरीणबाई म्हणाल्या, "अहो, हे तर म्हणत होते फिरकत नाही!" मास्तर शांतपणे म्हणाले, "फिरकला कुठं? मुक्कामाला होता."

आता इथं एखाद्या शहाण्या माणसानं कान धरले असते. पण देवानं मला शहाणपणाऐवजी जीभ दिली आहे. मी कपडे झटकत उठलो आणि म्हणालो, "मास्तर, पाहा तरी! पळताना अंगावरचे कपडे टाकून पळाला बिचारा. यापेक्षा मोठी गारंटी कोणती?"

मास्तर हसले. बाईही हसल्या. दोन कुंड्या घेऊन गेले. मागं पोत्यावर बसून कलमं बांधणाऱ्या बायकाही हसल्या. सगळ्यात जास्त कमलबाई हसल्या. इतक्या की त्यांच्या बोटातली प्लास्टिकची पट्टी सुटून पडली, आणि त्यांच्या बोटातून पट्टी सुटलेली मी बारा वर्षांत तेवढी एकदाच पाहिली.

'नर्सरीतल्या गमतीजमती लिहा, ती कपड्यांची गोष्ट तर हवीच,' असा या दिवाळी अंकाच्या संपादकांचा निरोप आला, तेव्हा त्यांना हीच गोष्ट हवी होती. ती मी लिहिली. इथं थांबलो असतो तर सगळ्यांचीच दिवाळी गोड झाली असती.

धंदा थोडा समजावून सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. पांढुर्ण्याच्या बाहेर, सौंसरच्या रस्त्याला माझी नर्सरी आहे, घरही तिथंच. खरा माल संत्र्याची कलमं. आधी जंबेरीची रोपं वाढवायची. जंबेरी म्हणजे काटेरी, आंबट, कोणी तोंडात न घेणारं लिंबू, पण मुळानं पहिलवान. रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की सालीवर चीर द्यायची, चांगल्या संत्र्याच्या झाडावरून काढलेला डोळा त्या चिरेत बसवायचा आणि वरून प्लास्टिकची पट्टी बांधायची. डोळा म्हणजे फांदीवरचा अंकुर, चिमटीत मावणारा. चीर मी देतो, डोळा मी बसवतो. पण जीव धरतो तो बांधणीवर. पट्टी सैल झाली तर डोळा सुकतो, घट्ट झाली तर गुदमरतो. कमलबाई पट्टीचे तीन फेर द्यायच्या आणि शेवटी अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून अशी एक हलकी ओढ द्यायच्या, की शंभरातली पंच्याण्णव कलमं हिरवीगार. मी एकदा विचारलं, "बाई, किती ओढायचं हे कसं कळतं?" म्हणाल्या, "लेकराची लंगोटी बांधता ना, तसं. पण तुमी कुठी बांधली असंन म्हणा."

आमच्या धंद्याची एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. कलम नेल्यावर शेतकऱ्याला पाच-सहा वर्षांनी फळ दिसतं. तोवर ते गोड की आंबट, हे देवाला आणि नर्सरीवाल्याला ठाऊक. म्हणजे तो झाड घेत नाही, माझा शब्द घेतो आणि शेतात लावतो. संत्र्याच्या बाबतीत मी शब्द मोडला नाही. हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. छातीवर हात ठेवायला मला आता एवढीच एक जागा उरली आहे.

पण नागपंचमीच्या आसपास संत्र्याचं गिऱ्हाईक कमी आणि हौशे-गवशे जास्त. त्यांच्यासाठी मी फाटकाजवळ एक बाक मांडला होता. बायका त्याला 'सापाचा बाक' म्हणायच्या. ज्या ज्या झाडाच्या नावात साप, नाग, सर्प आहे ते सगळं त्यावर. नागफणी, म्हणजे फणा काढल्यासारख्या चपट्या पानांचं निवडुंग. सर्पगंधा, जिच्या मुळीचं औषध खरोखर रक्तदाबावर चालतं, पण लोक सापासाठीच मागतात. नागवेल, म्हणजे आपलं विड्याचं पान. त्या बिचारीचा सापाशी काय संबंध, तिलाही ठाऊक नसावं. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून साहेबलोक वाढले, त्यांच्यासाठी तलवारीसारख्या पट्टेदार पानांचा स्नेक प्लांट. आणि सापकांदा. तो सातपुड्याच्या जंगलातून यायचा. पावसाबरोबर जमिनीतून एकच दांडा वर येतो, अंगावर सापासारखे ठिपके, वर फणा आणि फण्यातून बाहेर आलेली जीभ. पाहणारा दोन पावलं मागं सरकतो. हे फूल पाहून एका पटवारीसाहेबांनी हौसेनं कुंडी नेली आणि हिवाळ्यात रिकामी परत आणली. "मेलं." मी म्हटलं, "साहेब, मेलं नाही, झोपलं. कांदा आहे खाली. पावसाळ्यात उठेल." ते म्हणाले, "म्हणजे माझ्यासारखंच सरकारी आहे." पुढच्या जूनमध्ये फणा वर आला तेव्हा त्यांनी फोन करून कळवलं, 'रुजू झाले.'

या सगळ्यांत राजा नागदवणा. खरं सांगायचं तर नागदवणा या नावावर बाजारात तीन-चार वेगवेगळी झाडं खपतात. मी विकत होतो ते नागमोडी दांडीचं, हिरव्या-पांढऱ्या पानांचं. तोडलं की दुधासारखा चीक येतो. तो चीक कातडीला लागला तर आग होते, फोड येतात. हे मला माहीत होतं. साप त्याला भीत नाही, हेही माहीत होतं. उलट कात टाकताना सापाला अंग घासायला काहीतरी खरबरीत लागतं, आणि माझ्या कुंडीच्या कडेनं ती सेवा केलेली मी डोळ्यांनी पाहिली होती. तरी बाकावर पाटी होती: 'नागदवणा. सर्प दूर ठेवतो. विषावर गुणकारी.' शेवटचं वाक्य मी कुठून आणलं हे मला आजही आठवत नाही. पाटीवर जागा उरली होती, म्हणून आलं असावं.

आमच्याकडे नागपंचमीला कोणी जमीन खणत नाही, चुलीवर तवा चढत नाही, विळ्याला हात लागत नाही. नर्सरीतही त्या दिवशी चाकू बंद. जमिनीखालच्या नागाला इजा नको म्हणून एवढं पाळणारा मी, जमिनीवरच्या माणसाशी बोलताना काय पाळत होतो?

कमलबाई तिगावच्या. नवरा पंजाबराव, दुसऱ्याच्या संत्राबागेची राखण करतात. बागेतच दोन खोल्यांचं घर. घरामागं पऱ्हाटीचा ढीग, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्या, चुलीसाठी रचून ठेवलेल्या. त्या ढिगात हात घालायच्या आधी बाई काठीनं तीनदा आपटायच्या. आईकडून आलेली सवय. नर्सरीतही पोतं उचलायच्या आधी तेच. मी चिडवायचो, "बाई, दार वाजवता का? आतून 'या' म्हणतो का कोणी?"

ज्या वर्षी ती कात निघाली त्याच पावसाळ्यात त्यांनी मला विचारलं, "भाऊ, थो नागदवणा मले देता का दहा-बारा? ढिगाच्या भवताल लावतो म्हंते माणूस."

मी काय म्हणावं? मी म्हणू शकत होतो, 'बाई, ते गिऱ्हाइकांसाठी.' त्यांनी तर सगळं ऐकलं होतं, त्या कातीवर सगळ्यात जास्त त्याच हसल्या होत्या. त्यांना ठाऊकच असणार असं मला वाटलं. शोभेला लावत असतील, असं मी मनाला सांगितलं. बारा रोपं दिली, चांगली निवडून. वर उदारपणे म्हणालो, "घ्या बाई. आता काठी आपटायचं काम नाही."

गंमत होती. माझ्या सगळ्याच बोलण्यासारखी.

पुढच्या वर्षी गोटमार, म्हणजे आमच्याकडची पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची दगडफेकीची जत्रा, होऊन चार-पाच दिवस झाले असतील. सकाळचे साडेसात. मी चहा घेत होतो. पंजाबरावांचा फोन आला.

"भाऊ, बाईले पान लागलं."

आमच्याकडे साप चावला असं तोंडानं म्हणत नाहीत. पान लागलं म्हणतात.

"कुठं?"

"हाताले. पऱ्हाटी काढून राह्यली होती. परड होती, म्या पाह्यली." परड म्हणजे पुस्तकात जिला घोणस म्हणतात ती. "भाऊ, थ्या झाडाचा रस पाजू का वरून लावू? किती लावू?"

माझ्या हातात बशी होती. पंजाबरावांनी गाडी बोलावली नव्हती, दवाखान्याला फोन केला नव्हता. आधी मला केला होता. कारण झाड माझं होतं. त्या घटकेला फक्त एक वाक्य बोलायचं होतं: 'झाड फेका आणि दवाखान्यात न्या, ते सगळं खोटं आहे.' मला ते वाक्य येत होतं. पण बाजूला शोभा, माझी बायको, पोळ्या लाटत होती, ओसरीवर दोन गिऱ्हाईकं बसली होती, आणि 'ते सगळं खोटं आहे' हे शब्द माझ्या तोंडातून बाहेर पडायला लाजले. मी म्हणालो, "पाजू नका. वरून लावा. अन् फरक नाही पडला तर दवाखान्यात न्या."

फरक नाही पडला तर. हे चार शब्द मी किती वेळा मोजले असतील! पाजू नका म्हणालो, म्हणजे काळजी घेतली, असं वाटून मी उरलेला चहासुद्धा प्यायलो.

त्यांनी चीक लावला. फरक पडतो का पाहत बसले. हात कोपरापर्यंत सुजला तेव्हा आणखी लावला. तासाभरानं परत फोन आला, "भाऊ, दातातून रक्त येऊन राह्यलं."

मग मात्र मी पळालो. गाडी काढली, तिगावला गेलो, बाईंना मागच्या सीटवर घातलं. येताना त्या एकदाच बोलल्या. "भाऊ, आज तीनशे डोळे बांधाचे होते ना?"

सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी सुया लावल्या, औषध चढवलं, नागपूरला न्यायची तयारी सुरू केली. मग हात धुऊन पाहिला. पांढऱ्या चिकाखाली सगळी कातडी फोडांनी भरलेली. त्या चिडल्या. "ये क्या लगाया है? एक घंटा पहले लाते तो..." वाक्य पूर्ण केलं नाही. "किसने बोला था लगाने को?"

पंजाबराव माझ्याकडे पाहत नव्हते. जमिनीकडे पाहून म्हणाले, "गाँववालों ने, मॅडम."

"कौन गाँववाले? पढ़े-लिखे कोई नहीं हैं क्या तुम्हारे यहाँ?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझा इस्त्रीचा शर्ट होता, खिशाला पेन होतं. "आप समझाइए ना इनको."

मी मान हलवली. 'जी' म्हणालो. एवढंच म्हणालो.

नागपुरात अकरा दिवस गेले. कमलबाई वाचल्या. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट गेलं.

मी पाटी काढून टाकली. लोकांनी विचारलं तर म्हणायचो, रंग उडाला. नर्सरीत बांधणीला दुसऱ्या बायका आल्या. त्या वर्षी कलमं पुष्कळ सुकली. मी पावसाला दोष दिला.

यानंतर मी सुधारलो असं लिहायला मला आवडलं असतं. चार महिन्यांनी सौंसरला नात्यात लग्न होतं. जेवणं झाल्यावर पुरुषमंडळी सावलीत खुर्च्या टाकून बसली, आणि कोणीतरी म्हणालं, "भाऊ, ते कपडे टाकून पळालेल्याचं सांगा ना!" मी नको म्हणालो. दुसऱ्यानं आग्रह केला. आणि मी सांगितली. उडीसकट, थापेसकट, मास्तरांच्या आवाजासकट. सगळे खो खो हसले. वर पाहिलं तर बायकांच्या घोळक्यात शोभा उभी होती. ती हसत नव्हती.  घर आल्यावर गाडीतून उतरताना ती म्हणाली, "उद्या तिगावला जाऊ. मी बी येतो."

गेलो. कमलबाई अंगणात सुपात तूर निवडत होत्या. डाव्या हातानं. उजवा हात पदराखाली. शोभानं त्यांच्याजवळ बसून सूप ओढलं आणि निवडायला लागली. मी खाटेवर. समोर पऱ्हाटीचा ढीग, आणि ढिगाभोवती माझी बाराच्या बारा रोपं, कमरेइतकी वाढलेली, टवटवीत. इतकं चांगलं पीक माझ्या हाताखाली कधी आलं नव्हतं. ढिगाला टेकून काठी ठेवली होती.

"यंदा डोळे कोण बांधून राह्यलं भाऊ?" बाईंनी विचारलं.

मी नावं सांगितली.

"सैल बांधतात थ्या. शेवटची ओढ नाई देत. तुमी लक्ष ठेवा."

 आयुष्यभर ज्या जिभेवर पोट भरलं ती टाळूला चिकटली होती. कसंबसं म्हणालो, "बाई, त्या झाडात काही नव्हतं. मला माहीत होतं. फोनवरही माहीत होतं. दवाखान्यात पंजाबरावांनी गाववाल्यांचं नाव घेतलं, तेव्हा मी बोलायला पाहिजे होतं. माझं चुकलं."

पंजाबराव लगेच म्हणाले, "जाऊ द्या जी भाऊ. लिवलेलं असते."

कमलबाईंनी जाऊ दिलं नाही. त्या चिडल्याही नाहीत. तुरीतला एक खडा काढून बाजूला टाकला आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमी गिऱ्हाइकाशी कसे बोलता, थे म्या बारा वर्सं ऐकलं. हासली बी. मले का समजत नव्हतं? पण मले वाटलं, घरच्या माणसाशी तुमी तसे बोलत नसान."

मग त्या उठल्या आणि चहाला म्हणून ढिगाकडे गेल्या. डाव्या हातानं काठी घेतली. तीनदा आपटली. मग पऱ्हाटी काढली. तो चहा मी प्यायलो. कसा लागला ते विचारू नका.

घरी आलो तो थेट सापाच्या बाकाकडे गेलो. बाकामागच्या वाफ्यात नागदवण्याची जुनी झाडं आहेत, ज्यांच्या फांद्यांपासून मी रोपं करत आलो. फावडं घेतलं. एक झाड मुळासकट काढलं, हातांना चीक लागला, आग व्हायला लागली, मला बरं वाटलं. दुसऱ्याला घाव घातला. वाटलं, सगळा वाफा साफ करावा, पेटवून द्यावा, म्हणजे काहीतरी केल्यासारखं होईल.

शोभा घराच्या दारात येऊन उभी राहिली होती. 

"त्या झाडाले कायले उपटता?" ती म्हणाली. "थे कुठी काही बोललं होतं?"